तोरणाखालची झडती आणि कलावंताची मजुरी

श्रावणाच्या अमावास्येला दिवस कलता झाला, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावी, मग ते गाव घाटावरचे मेहकर-चिखलीकडचे असो की घाटाखालचे नांदुरा-जळगाव जामोदकडचे, वेशीपाशी आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण बांधले जाते. शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावलेल्या, अंगावर झुली पांघरलेल्या बैलजोड्या त्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात. आणि वाजंत्र्यांचा गलका जरा थांबला की गर्दीतून कोणी एक जण पुढे होऊन खड्या आवाजात झडती म्हणतो. झडती हे पोळ्याचे काव्य. चार-सहा यमकबद्ध चरण, त्यांत कोणाला तरी काढलेला चिमटा, आणि शेवटी महादेवाचा जयघोष, ज्यात साऱ्या गावाचा कंठ मिळालेला असतो. तिचा कर्ता बहुधा कोणाला ठाऊक नसतो, ती छापली जात नाही, तिला बिदागी मिळत नाही; पण सावकाराची खतावणी, पाटलाचा तोरा, तलाठ्याचा सातबारा, व्यापाऱ्याचा काटा, बियाण्याचा भाव, सरकारचे पॅकेज आणि शंकर-पार्वतीचा संसार यांपैकी कोणताही विषय तिला वर्ज्य नसतो. एका टोकाकडून झडती सुटली की दुसऱ्या टोकाकडून तिला उत्तर येते, आणि ज्याच्यावर ती रचली तो गृहस्थही त्या वेळी गर्दीत उभा राहून हसत असतो, कारण त्या सायंकाळी रागावण्याची रीत नाही.

हे सर्व ज्या रांगेपुढे चालते ती रांग मात्र समतेची नसते. तोरणाखाली पहिला मान कोणाच्या जोडीचा, याचा निर्णय परंपरेने झालेला असतो. मानाची जोडी पुढे निघाली की तोरण तुटते आणि मग बाकीच्यांचे बैल मार्गस्थ होतात. बैल राबवणारा सालगडी हा पुष्कळदा बैलाचा मालक नसतो, शेताचाही नसतो. पोळा फुटल्यावर तो बैल घेऊन घरोघर फिरतो आणि त्याच्या हातावर जो बोजारा पडतो तेवढीच त्या उत्सवातील त्याची रोख कमाई. ज्या मुखातून सावकारावरची झडती निघते त्या मुखाला दुसऱ्या दिवशी त्याच सावकाराच्या ओसरीवर गप्प बसावे लागते. रशियन पंडित मिखाईल बाख्तिन यांनी युरोपातील मध्ययुगीन जत्रांच्या हास्याविषयी जे विवेचन केले आहे, की तेथे राजा आणि विदूषक यांच्या जागा घटकाभर बदलतात, ते वाचताना वऱ्हाडच्या वाचकाला पोळा आठवल्यावाचून राहणार नाही. आणि त्या विवेचनावर घेतला जाणारा आक्षेपही त्याला तितकाच आपला वाटेल, की एका दिवसाची मोकळीक देऊन उरलेले दिवस सुरळीत चालवण्याची ही सत्तेचीच युक्ती असू शकते. आमच्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. झडतीने कोणाचे कर्ज फिटले नाही. परंतु कर्ज हे दैवाचे देणे नसून कोणीतरी माणसाने लिहून ठेवलेला आकडा आहे, ही समज जिवंत ठेवण्याचे काम जितके तिने केले तितके पुस्तकांनी केलेले नाही.

समाजवादी विचाराने लोककलेकडे पाहणे म्हणजे प्रत्येक लावणीत वर्गसंघर्ष हुडकणे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे, आणि तिला काही अंशी समाजवादी समीक्षकच कारणीभूत आहेत. लालजी पेंडसे यांनी १९३५ साली ‘साहित्य आणि समाजजीवन’ हा ग्रंथ लिहून मार्क्सवादी साहित्यविचार मराठीत प्रथम सविस्तर मांडला. त्याच सुमारास फडके आणि खांडेकर यांच्या नावांनी ओळखला जाणारा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद महाराष्ट्रभर गाजला. दोन्ही बाजूंनी विद्वत्ता पणाला लागली. परंतु त्या वादातील कला म्हणजे मुख्यतः मध्यमवर्गीय लेखकाच्या टेबलावर जन्मणारी कथा-कादंबरी होती. रात्रभर ढोलकी बडवून पहाटे बैलगाडीत झोपणाऱ्या माणसाचा विचार त्यात अभावानेच आढळतो. कलाकृती काय सांगते, याची चिकित्सा भरपूर झाली. ती घडवणाऱ्याला काय मिळते, तिच्यासाठी पैसा कोण मोजतो आणि तिच्यावर शेवटी मालकी कोणाची राहते, हे प्रश्न मात्र बाजूला पडले. वास्तविक समाजवादाचा मूळ प्रश्न श्रमाचा आणि त्याच्या मोबदल्याचा. तोच कलेच्या दारात पोहोचल्यावर विसरला जावा, हे चमत्कारिक खरे.

तो प्रश्न वऱ्हाडापुरता विचारायचा तर कापसापासून आरंभ केला पाहिजे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर या काळ्या जमिनीवर स्थिरावली. खामगावची कापूसपेठ नावारूपाला आली, आणि १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला, तोही मुख्यतः कापसाच्या गाठी मुंबईला लवकर पोहोचाव्यात म्हणून. नागपूरकडे मालगुजारी होती, तर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी. जमाबंदी झाली, शेत खातेदाराच्या नावे लागले, सारा रोखीने भरण्याचा हुकूम झाला. सारा रोखीने भरायचा तर पीक विकले पाहिजे, पीक येईपर्यंत सावकाराचे दार ठोठावले पाहिजे, आणि हप्ता थकला तर जप्तीला तोंड दिले पाहिजे, असे ते चक्र होते.

या चक्राचा कलेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. जुन्या गावगाड्यात गोंधळी, वासुदेव, जोशी, गुरव यांचा हक्क खळ्यावरच्या धान्यात असे; सुगी झाली की पायली-अधोली पदरात पडे. तो हक्क जातीच्या उतरंडीशी जखडलेला होता, त्यात अपमान होता, आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि कलावंताचे पोट आणि गावाचे पीक ही दोन्ही एका दोरीला बांधलेली होती. कापूस पेठेत जाऊ लागला, धान्याच्या खळ्यांची जागा रोख पैशाने घेतली, आणि तो हक्क नकळत आटत गेला. त्याच्या जागी आली सुपारी, तिकीट आणि ठेकेदार. जत्रेत कनात लागली, कनातीला दार आले, दारात पैसे घेणारा बसला. आणि गाणारा व ऐकणारा यांच्यामध्ये प्रथमच एक तिसरा मनुष्य उभा राहिला, ज्याला गाणे येत नव्हते पण हिशेब येत होता.

या तिसऱ्या माणसाला वगळून लोककलेचा उपयोग करण्याचा पहिला जाणता प्रयत्न सत्यशोधकांनी केला. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यांच्या पश्चात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या समाजाचे जलसे खेडोपाडी फिरू लागले. तमाशाचा सांगाडा त्यांनी तसाच ठेवला, कारण तो गावाच्या अंगवळणी पडलेला होता. पण गणात देवतेच्या जागी निर्मिकाचे स्तवन आले, गौळणीतील शृंगार गळून पडला, आणि वगात भटजी, सावकार व कुळकर्णी यांच्या कचाट्यात सापडलेल्या कुणब्याची कथा रंगू लागली. सोंगाड्याचे काम मात्र तेच राहिले, शहाण्यांना वेडे प्रश्न विचारण्याचे. जलसेकरी हे बहुधा शेतकरी आणि कारागीर. दिवसा वखर हाकायचा आणि रात्री तुणतुणे धरायचे, अशी त्यांची राहणी. रंगमंचावरचा कुणबी आणि समोर घोंगडीवर बसलेला कुणबी यांच्यात अंतर नव्हते, म्हणून त्या जलशांत प्रचार असूनही तो उपदेशासारखा कानाला टोचत नसे.

वऱ्हाडात या चळवळीने मूळ धरले त्याचा एक ठळक पुरावा बुलढाणा जिल्ह्यातच आहे. जोतीरावांचे पहिले मराठी चरित्र १९२७ साली प्रसिद्ध झाले, आणि ते लिहिले पुण्या-मुंबईच्या कोणा नामांकित ग्रंथकाराने नव्हे, तर याच जिल्ह्यातील सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी. धनंजय कीर यांचे सुप्रसिद्ध चरित्र त्यानंतर सुमारे चार दशकांनी आले. ज्या काळी शहरी वाङ्मयेतिहासात फुल्यांना जागा मिळणे दुर्मीळ होते त्या काळी एका कापूसपट्ट्यातील कार्यकर्त्याने त्यांचे चरित्र लिहावे, ही गोष्ट अकस्मात घडत नाही; तिच्यामागे वाचणारा, ऐकणारा आणि जलशाला रात्रभर बसणारा समाज असावा लागतो. आमच्या जिल्ह्याला सिंदखेड राजाच्या जिजाऊंचा अभिमान आहे आणि तो यथार्थच आहे. या पंढरीनाथ पाटलांची आठवणही त्या अभिमानात थोडी मिसळली, तर बिघडणार नाही.

जलशाची ही मशाल पुढे दोन हातांनी उचलली. एक हात आंबेडकरी जलशांचा; नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातील अग्रणी. दुसरा हात साम्यवादी आणि समाजवादी कलापथकांचा. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत ‘इप्टा’ या अखिल भारतीय लोकनाट्य संघटनेची स्थापना झाली, आणि १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर या त्रयीने लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले, मुंबईच्या गिरणगावात राबलेले. अमर शेख बार्शीचे, त्यांचे मूळचे नाव मेहबूब हुसेन पटेल. असे दोघे एका मंचावर उभे राहून स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा गात आणि कामगारांच्या चाळींत तो आपल्याच गल्लीतल्या लढाईसारखा ऐकला जाई. अण्णाभाऊंनी ‘माझी मैना’ या लावणीत विरहाच्या जुन्या साच्याला अशी कलाटणी दिली, की गावी राहिलेल्या प्रियेची आठवण ही महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाची आठवण होऊन गेली. शृंगाराला हात न लावता त्यातून राजकारण उभे करणे, ही कारागिरी असामान्य आहे. पुष्कळ प्रचारकांना ती साधली नाही, कारण त्यांना लावणी येत नव्हती आणि ती शिकण्याची गरजही वाटत नव्हती.

मुंबई सरकारने स्वातंत्र्यानंतर लगेचच तमाशावर बंदीचा अंमल बसवला. कारण अश्लीलतेचे दिले गेले. पण लाल बावट्याच्या वगांनी सत्ताधाऱ्यांना घाम फोडला होता, हेही त्या वेळच्या लोकांना दिसत होते. पुढे बंदी सैल झाली, वगाचे बाड आधी तपासून घेण्याची पद्धत आली, आणि अण्णाभाऊंसारख्यांनी तमाशा हे नाव टाकून लोकनाट्य हे नाव पुढे केले. येथे एक कायद्याची गंमत नमूद करण्याजोगी आहे. बुलढाणा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हताच. मध्यप्रांत व वऱ्हाड, आणि पुढे मध्यप्रदेश, या राज्याचा तो भाग होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे मुंबईचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या खात्याचे फर्मान वऱ्हाडच्या सीमेपाशी येऊन थांबत होते. पलीकडे त्याच मराठी भाषेतला वग म्हणायला त्यांच्या परवान्याची गरज नव्हती.

लोकप्रिय कलेच्या इतिहासात बुलढाणा जिल्ह्याचे आणखी एक नाव येते, आणि ते लढ्याशी संबंधित नाही म्हणून समाजवादी लेखनात सहसा येत नाही. ना. घ. देशपांडे हे मेहकरचे वकील. कोर्टकचेरी सांभाळून त्यांनी कविता लिहिल्या. ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला, आणि ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परंतु संग्रह निघण्याच्या वीस-बावीस वर्षे आधीच त्यांची ‘शीळ’ महाराष्ट्रभर पोहोचली होती, ती ध्वनिमुद्रिकेमुळे. गोविंदराव जोशी यांनी ती गायली, आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. खेड्यातल्या रानाची, पायवाटेची आणि सांजवेळेची ती कविता मेहकरच्या परिसरातून निघून कलकत्त्याच्या कारखान्यात लाखेच्या तबकडीवर कोरली गेली आणि तेथून फिरून हॉटेलांत व वाड्यांच्या दिवाणखान्यांत वाजू लागली.

समाजवादी दृष्टीने पाहिले तर हे स्थित्यंतर कापसाच्या स्थित्यंतरासारखेच आहे: कच्चा माल इथला, यंत्र दुसऱ्याचे, आणि पक्का माल पुन्हा इथेच विकायला. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. म्हणून गाणे तेवढेच झाले. रात्रभर चालणारा वग, तासभर चालणारे कीर्तन, ज्यात गाडगेबाबा समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढीत, ते काही तबकडीत मावण्यासारखे नव्हते; आणि जे मावले नाही ते हळूहळू जुनाट ठरले. जर्मन समीक्षक वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ साली यांत्रिक प्रतिकृतीच्या युगातील कलेवर निबंध लिहून या बदलाकडे आशेने पाहिले होते, की प्रतिकृतीमुळे कला देव्हाऱ्यातून खाली उतरून जनसामान्यांच्या हातात येईल. अॅडॉर्नो आणि होर्कहायमर या त्यांच्याच वर्तुळातील दोघांना पुढे त्यात केवळ कारखाना दिसला. ‘शीळ’पुरते बोलायचे तर आम्ही बेन्यामिन यांच्या बाजूचे. कविता वाचण्याची ज्यांची ऐपत किंवा सवय नव्हती त्यांच्या कानावर चांगली कविता पडली, ही लहान गोष्ट नाही. तिला भांडवली माल म्हणून झटकणे हा एक प्रकारचा उद्धटपणा होईल.

चित्रपटाने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या एका चित्रपटगृहात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. त्याची कथा तमाशाचीच. गावच्या पाटलाने केलेला अत्याचार एक कलावंतीण भर फडात वगाच्या मिषाने उघड करते. म्हणजे झडतीचेच तत्त्व, फक्त पडद्यावर. पण त्या चित्रपटाच्या यशाने तमाशापटांची जी लाट आली तिच्यात पाटील राहिला, नाच राहिला, आणि उघड करण्याची गोष्ट गळाली. पुढे १९७४ च्या ‘सामना’त रामदास फुटाणे, विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी साखर कारखान्याच्या सत्तेचे चित्र काढले, तेव्हा हिंदुराव धोंडे पाटील हा नवा सहकारसम्राट रंगवायला निळू फुले यांच्यासारखा नट मिळाला, आणि तो राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला होता, हा योगायोग नव्हे. माळीकाम करून पोट भरणारा आणि रात्री सेवा दलाच्या लोकनाट्यात काम करणारा हा मनुष्य खलनायकाचे प्रत्येक पाऊल ओळखत होता, कारण त्याने ते खालून पाहिलेले होते. राम नगरकर आणि दादा कोंडके हेही त्याच पथकाच्या मांडवातले. मराठी विनोदाला सेवा दलाने जितके दिले तितके कोणत्याही नाट्यशाळेने दिलेले नाही, असे विधान आम्ही धैर्याने करतो.

आता या साऱ्या गौरवगाथेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, आणि ती पुरोगाम्यांना सुखावणारी नाही. कलापथकांनी तमाशाचा घाट घेतला, ढोलकी घेतली, सोंगाड्या घेतला. परंतु ज्या कोल्हाटी, महार आणि मांग कुटुंबांनी तो घाट पिढ्यान्‌पिढ्या जपला त्यांच्या रोजगाराचा प्रश्न अपवादानेच हाती घेतला. गिरणी कामगारांची युनियन झाली, शेतमजुरांच्या परिषदा भरल्या. फडातल्या मजुराचा मात्र उचलीचा करार तसाच राहिला. हंगामाच्या आरंभी फडमालक कलावंताला उचल देतो, ती फेडण्यासाठी कलावंत हंगामभर बांधला जातो, हंगाम संपताना कर्ज पुरते फिटलेले नसते, आणि पुढच्या हंगामाची उचल त्याच खात्यात चढते. फडमालकही पुष्कळदा व्याजाने पैसे काढूनच तंबू उभा करतो, म्हणून त्याला एकट्याला खलपुरुष ठरवून भागत नाही. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची आणि ढोलकी वाजवणाऱ्या कलावंताची खतावणी एकाच हस्ताक्षरात लिहिलेली आहे. पण शेतकऱ्याचे खाते आपल्या राजकारणाने वाचले, कलावंताचे वाचले नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात नाव, आणि २००२ साली मृत्यू, तोही आर्थिक विवंचनेत. आज तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार राज्य शासन त्यांच्याच नावाने देते. नाव देणे सोपे असते, निवृत्तिवेतन देणे अवघड. विठाबाईंच्या कलेत स्त्रीचे शोषण होते की स्वातंत्र्य होते, यावर परिसंवाद झडले आणि ते आवश्यकही होते. परंतु त्या परिसंवादांतील वक्त्यांना प्रवासखर्च मिळाला, हे एक लहानसे निरीक्षण येथे नोंदवून ठेवतो.

श्रमाचा हिशेब न पाहण्याच्या या सवयीला छेद देणारे लेखन बुलढाण्यातूनच आले आहे. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ, पैसे भरल्याशिवाय मास्तरकी न देणाऱ्या संस्था, कोरडवाहू शेतीचा तोटा आणि त्या तोट्याने कुरतडलेले घर, असा तिचा विषय. या कादंबरीत घोषणा नाही, लाल बावटा नाही, क्रांतीचे आश्वासन नाही. पण वऱ्हाडी बोलीतले संवाद वाचताना असे वाटते, की तोरणाखालची झडती येथे विस्तार पावून गद्य झाली आहे. बियाण्याच्या पिशवीपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीची किंमत या माणसांना ठाऊक आहे, आणि आपल्या श्रमाची किंमत ठरवण्याचा अधिकार तेवढा त्यांच्याकडे नाही. समाजवादी वास्तववादाच्या नावाखाली लिहिलेल्या कित्येक मराठी कादंबऱ्या विस्मृतीत गेल्या. ही टिकेल, असे आमचे मत आहे.

राहता राहिला आजचा काळ. आता कनातही गेली आणि तबकडीही गेली. लग्नाच्या वरातीत डीजे वाजतो, आणि ज्या वाजंत्री कुटुंबांची सनई-डफडी त्या वरातीत वाजत असे त्यांना बोलावणे येत नाही. दुसरीकडे, वऱ्हाडीत विनोद करणारी तरुण मुले-मुली हातातल्या मोबाइलवर आपल्या शेताच्या बांधावरून चित्रफिती काढतात आणि लाखो लोक त्या पाहतात. यातील पुष्कळसा विनोद उथळ आहे. पण काही चित्रफितींत सोयाबीनच्या भावावर, पीकविम्याच्या तुटपुंज्या रकमेवर, कृषी केंद्रात हव्या त्या खतासोबत नको तो माल गळ्यात मारणाऱ्या ‘लिंकिंग’वर जे टोले असतात ते अस्सल झडतीचे टोले आहेत. तोरणाखाली जो निर्भय हजरजबाबीपणा होता तो येथे पुन्हा अवतरला आहे, आणि या वेळी गावाच्या वेशीपलीकडे जातो आहे. मालकीचा प्रश्न मात्र जुनाच, किंबहुना अधिक कठीण झालेला. जत्रेतला ठेकेदार निदान दिसत तरी होता. त्याच्याशी दोन शब्द भांडता येत होते. या नव्या कनातीचा मालक सातासमुद्रापार आहे, जाहिरातीचे उत्पन्न त्याचे, त्यातून कलावंताला किती द्यायचे हे तोच ठरवणार, आणि कोणाची चित्रफीत पुढे सरकवायची व कोणाची दाबायची याचे गणित तो कोणालाही दाखवीत नाही. कराराचा मसुदा न वाचताच आपण सर्वांनी त्यावर अंगठा ठेवलेला आहे.

अशा वेळी मोठमोठ्या सिद्धान्तांची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे, आणि ते वाचकांपैकी कोणालाही करता येईल. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे; सध्या ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि २०२४ पासून तिचे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले आहे. या पैशात कोणाचा संसार चालत नाही, पण औषधपाणी चालते. गोंधळी, वासुदेव, भारुडकार, भजनी, शाहीर, ढोलकीवाले, सनईवाले, तमाशा कलावंत यांपैकी ज्यांनी आयुष्य कलेत घालवले त्यांच्यासाठी ती आहे. अडचण अशी, की या माणसांकडे आपल्या कलेचा कागदोपत्री पुरावा नसतो. कार्यक्रमाची पत्रिका कधी छापली नाही, वर्तमानपत्रात नाव आले नाही, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालण्याची उमेद उरलेली नाही. तेव्हा आपल्या गावातील अशा एखाद्या म्हाताऱ्या कलावंताजवळ बसावे, त्याने कोठे कोठे गाइले-वाजवले ते लिहून काढावे, जुनी छायाचित्रे गोळा करावीत, गावातल्या चार जाणत्यांचे जबाब आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडून अर्ज पुरा करावा, आणि तो मंजूर होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. यंदाचा पोळा येण्याआधी एवढे एक काम प्रत्येक गावाने अंगावर घ्यावे, ही विनंती.